दुपारचं वाचन

बाळंतपणात सुटलेली शाळा मी यंदा पुन्हा धरली. इंग्रजीच्या मॅडमचा गृहपाठ रोजचाच: धडा मोठ्याने वाचायचा, मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवायचा. रात्री छकुली झोपली की मी मोबाइल दुधाच्या डब्याला टेकवते आणि दबक्या आवाजात वाचते. झोपेतही तिची मूठ माझ्या बोटाभोवती असते. सध्याच्या धड्यात एक लांबलचक शब्द आहे. तिथे माझी जीभ हमखास अडखळते.

मध्ये छकुलीला ताप आला आणि गृहपाठ राहिला. राहिला तर मॅडम परीक्षेला बसू देणार नव्हत्या. मी त्यांना वर्गाबाहेर गाठलं.

"माफी कसली मागतेस? तुझे सगळे गृहपाठ आलेत की. बाळाच्या हसण्यासकट."

त्यांनी एक रेकॉर्डिंग लावून ऐकवलं. आवाज माझाच. मध्येच नाक ओढायची खोडसुद्धा माझीच. मागे छकुली खिदळत होती. तापात ती एकदाही हसली नव्हती. माझ्यापाशी तरी नाही.

मी शाळेत असताना छकुलीला माझी आई सांभाळते. घरी येऊन तिला विचारलं, माझ्या मोबाइलवरून काही पाठवलंस का.

"मला मेलीला तो मोबाइल उघडता तरी येतो का?" ती म्हणाली. "पण दुपारी किती गुणाची असतेस गं. पोरीला मांडीवर घेऊन वाचत बसतेस. संध्याकाळीच काय अंगात येतं तुझ्या?"

"दुपारी मी शाळेत असते, आई."

आई झबल्यांच्या घड्या घालत राहिली. "बरं बाई," ती म्हणाली, वेड्याची समजूत काढावी तशी.

मी छकुलीपुढे बोट केलं. तिने मूठ मिटून मागे घेतली.

दुसऱ्या दिवशी तास चालू असतानाच मॅडमनी मला खुणेने बोलावलं. "अगं, तू इथे आणि गृहपाठ आत्ता कसा आला?"

मी त्यांचा मोबाइल कानाला लावला. वाचन चाललं होतं. मग दारावरची बेल वाजली. पुन्हा वाजली. कुणीतरी दार ठोठावलं. छकुली कुरकुरली.

"उगी," माझा आवाज म्हणाला. "कुणी नाही."

दप्तर तिथेच टाकून मी घरी पळाले.

बेल वाजवली. पुन्हा वाजवली. दार ठोठावलं, आणि हात तसाच वर राहिला.

आत छकुली कुरकुरली.

"बघ गं जरा, कोण आलंय," आई कुणाला तरी म्हणाली.

"उगी. कुणी नाही."

छकुली खिदळली.

वाचन पुन्हा सुरू झालं. तो लांबलचक शब्द आला.

ती अडखळली नाही.