पेडलवरचा पाय

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर पुढची पोस्ट वाचा. मी कुणाचे पाय धरायला बसलेली नाही. घडलंय ते माझ्याच घरात घडलंय.

घराला लागून आमची पत्र्याची शेड आहे. तिथेच. आणि रात्र नव्हती, भरदुपार होती. भुताला अंधार लागतो हे कुणी ठरवलं, देव जाणे.

माझा दादा मेकॅनिक. भंगारातली जुनी गाडी आणून त्याने मनासारखी नवी बांधली होती. दुसऱ्या गाडीचं इंजिन, पुढे मोठ्या डिस्क, ब्रेकचे नवे पाइप. सगळं जमलं होतं. एक सोडून.

ब्रेकचं पेडल.

"स्पंजावर पाय ठेवल्यासारखं वाटतंय," तो चिडायचा. "दगडासारखं लागलं पाहिजे. कुठेतरी हवा अडकलीय."

ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं. दुसऱ्याने चाकापाशी आडवं होऊन बारीक नट सैल करायचा. तेलाबरोबर हवा बाहेर येते. नट पुन्हा आवळेपर्यंत पेडलवरचा पाय उचलायचा नाही. उचलला की हवा परत आत.

आत बसायची आई. तिला ऐकू कमी येतं. म्हणून दादाने खूण ठरवली होती. पान्याने गाडीच्या पत्र्यावर एकदा टक, म्हणजे दाब. दोनदा टक, म्हणजे सोड. आईला ते ऐकू यायचं नाही, पायात जाणवायचं.

"तुझ्या गाडीपायी माझा पाय जाईल रे एक दिवस!"

"जाऊ दे ना, दुसरा आहे की," दादा खालून.

त्या दिवशी तीन चाकं झाली. शेवटच्या चाकाचा नट सैल केला, पेडल तळाला गेलं आणि बघतो तर ब्रेक ऑइल संपत आलेलं.

तो खिडकीशी आला. "आई, धरून ठेव. समोरच्या दुकानातून ऑइल घेऊन आलोच."

नट आवळून जायला किती वेळ लागला असता? पान्याचा एक वळसा. आई मोकळी झाली असती. पण साहेबांना घाई!

रस्ता ओलांडताना ट्रक आला.

शेजारचा वेल्डिंगवाला धावत शेडमध्ये शिरला. "मावशी, चला लवकर, तुमचा पोरगा..."

आई हलली नाही.

"दोनदा टक झालं नाही अजून," ती म्हणाली. "हवा घुसेल."

ओढून बाहेर काढावं लागलं तिला.

त्यानंतर आई कुठेही बसली की तिचा उजवा पाय जमीन दाबत राहायचा. झोपेतसुद्धा पलंगाची कड दाबायचा. डॉक्टर म्हणाले, पायात काही दोष नाही. काकांनी अक्कल पाजळली, "गाडीने पोरगा खाल्ला. भंगारात द्या."

"आधी तुमची जीभ द्या," मी म्हणाले.

आणि पाना मीच हातात घेतला. गाडी गेली खड्ड्यात. आईचा पाय सुटायला हवा होता. ते राहिलेलं चाक पुरं झालं, तर कदाचित...

नवीन ऑइल भरलं. आईला आत बसवलं. चाकापाशी आडवी झाले. एकदा टक केलं. पेडल खाली गेलं. नट सैल केला. नटाला लावलेल्या नळीतून काळपट तेल आलं. मग बुडबुडे...

तेवढ्यात पाना हातातून निसटला. गाडीखाली गेला. मी चाचपडू लागले.

शेजारचं वेल्डिंग अचानक थांबलं. पंख्याची घरघरही ऐकू येईना.

आणि...

टक. टक.

माझ्या डोक्यावरच्या पत्र्यावर.

पाना माझ्या हातात नव्हता.

"आई, सोडू नकोस!" मी ओरडले. तिने पाय उचललाही होता. नळीत हवा उलटी जायला हवी होती.

गेली नाही.

नट आवळलेला होता. इतका घट्ट, की मला हलवता येईना.

आई उतरली. दोन्ही पाय नीट टेकवून.

"झालं गं त्याचं काम," ती म्हणाली. आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा रडली. पोटातून, गळा फाडून.

पेडल दगडासारखं झालं होतं.

इथेच संपलं असतं तर मलाही आवडलं असतं.

आज दुपारी आई भाजी चिरत होती. शेडमधून आवाज आला...

टक.

एकदाच.

आईची सुरी थांबली. "काही पडलं का गं?" उजवी टाच उचलली गेली होती.

"मांजर असेल. बस तू," म्हणाले आणि धावले.

चाकापाशी कुणी नव्हतं. मी आत बसले. पेडलवर पाय ठेवला. ते दगडासारखं पेडल...

सावकाश तळाला गेलं.

दादा, आईला नको रे बोलावूस. तिने खूप धरून ठेवलं. मी आहे ना.

हे मांडीवर फोन ठेवून लिहितेय. ऊन कललंय. आई आतून हाका मारतेय. पाय बधिर झालाय.

दोनदा टक अजून झालेलं नाही.