पूजेतला पाना

फौजदार रामगोंडा पाटलांच्या चंदनबालाचं लग्न झालं ते साल १९६४. पहिल्या दसऱ्याला लेक-जावई सांगलीला आले होते. ताटं वाढली, तेवढ्यात पलूसकडून निरोप आला. नदीकाठच्या पाणी संस्थेत इंजिनाचं चाक उडालं होतं. माणूस गेला होता.

फौजदार उपाशीच निघाले.

इंजिनघरापुढं लोकांनी फिटर धोंडिरामला निंबाला बांधलं होतं. ओठ फुटला होता.

"सोडा त्याला."

कुणी हललं नाही.

"सोडून काय, ओवाळू त्याला?" मुकादम भाऊसो म्हणाला. मेलेला यल्लाप्पा त्याचा धाकटा भाऊ. "ह्यानंच मारला. लय बुद्धाचा झालाय. हत्यारं पुजत न्हाई, सोताचा पाना घरी नेतो."

फौजदारांनी आत जाऊन चाकाचे बोल्ट बघितले. दोन तुटले होते. चारांचे आटे शाबूत होते. नट आपोआप फिरून निघाले होते.

"नट कुणी आवळले?"

"मी," धोंडिराम म्हणाला. "खंडेनवमीच्या आदल्या दिशी. माझ्या पान्यानं."

"किती आवळले ते मी बघितलंय," भाऊसो म्हणाला. "जोर मोजायचा पाना हाय त्यो. काटा नवावर न्यायचा, ह्यानं पाचावर सोडला."

"कोणत्या पान्यावर?"

"ह्याच्याच. संस्थेच्या पान्याला ह्याला शिवू देतो व्हय मी? त्यो पूजेत हाय, कपाटात. किल्ली माझ्या कमरंला."

"आज इंजिन कोण सुरू करणार होतं?"

"मीच," धोंडिराम म्हणाला. "दुरुस्तीनंतर पयल्यांदा मीच चालू करतो. पर सांगलीला दीक्षेच्या दिवसाची सभा हुती. काल सांजच्याला यल्लाप्पा घरी आला. म्हणला, जा गड्या, मी बघतो. सकाळी मला ह्यांनी एस.टी.च्या थांब्यावरनं वढत आणलं."

भाऊसोनं मान फिरवली.

फौजदारांनी धोंडिरामच्या घरून त्याचा पाना मागवला, कपाटातला संस्थेचा काढला आणि दोन्ही जोत्यावर ठेवले. धोंडिरामचा पलटणीतून आणलेला विलायती. संस्थेचा नवा.

"भाऊसो, शेराचे किलो झाले तेव्हा माझ्या बापाच्या दुकानात रोज भांडणं व्हायची. माल तेवढाच, आकडा बदलायचा. इथंही तेच आहे. इंजिनावरच्या पाटीवर पासष्ट फूट-पौंड लिहिलंय. नवा पाना किलोग्रॅम-मीटरचा. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे सव्वासात फूट-पौंड, त्याच्या पेटीच्या झाकणावरच छापलंय. म्हणजे पासष्टाचे झाले नऊ. तुझा आकडा बरोबर."

"मग?"

"धोंडिरामचा पाना फूट-पौंडाचा. बघ, आकडे विसापासून शंभरापर्यंत. ह्यावर नऊ नाही, पाचही नाही. काटा पाचावर बघितलास कुठं?"

फौजदारांनी संस्थेचा पाना उचलला.

"ह्या दुसऱ्यावर. पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत कुणी उचलत नाही. पण ह्याच्या मुठीवरचं कुंकू पुसलंय, आणि उरलंय त्याच्यावर इंजिनाचं तेल चढलंय. कुंकू खाली, तेल वर. पूजेनंतर हा पाना चालला. किल्ली तुझ्या कमरेला. हातानं तपासले तर ढिले लागू नयेत म्हणून नट सोडून पुन्हा पाचावर आवळलेस. खोटं सांगताना तोच आकडा तोंडात आला."

"आवं सायेब," दोघा भावांची आई रंगूबाई पुढं आली, "सख्ख्या भावाला कोन मारंल?"

"भावाला नाही, आई. ह्या फिटरला मारायचं होतं. ह्याच्या आधी फिटर कोण होता?"

"भाऊसोचा मेव्हणा," म्हातारी म्हणाली, आणि तिचं तिलाच कळलं.

भाऊसो खाली बसला. "यल्ल्याची पाळी न्हवती," तो म्हणाला. "त्याची पाळीच न्हवती रं!"

गर्दी बाजूला झाली. धोंडिरामची दोरी मात्र कुणी सोडली नाही. ती फौजदारांनीच सोडली.

यल्लाप्पा १९६४ सालच्या दसऱ्याला सकाळी, दुसऱ्याच्या पाळीवर मेला. भाऊसो शिक्षा भोगत असताना तुरुंगात मेला, १९६८ च्या उन्हाळ्यात.