अकरावा पुर्जा

गॅरेजमधून आलेल्या पिशवीत अकरा पुर्जे होते. पूर्णिमाने वर्तमानपत्र पसरून ते एका ओळीत मांडले. बेल क्रँकची पिन एक, तिचे बुश दोन, ड्रॅग लिंकच्या वाट्या दोन, स्प्रिंग एक आणि टाय रॉड एंड, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचे सांधे, पाच. तिने पुन्हा मोजले. बाजारातून नवे आणले होते दहा, म्हणजे काढलेले जुनेही दहाच असायला हवे होते. त्यात टाय रॉड एंड चारच, कारण या जीपला तेवढेच लागतात.

जीप मिलची होती. मिलच्या फाटकाला कुलूप लागलं, सामान विकायला निघालं, तेव्हा टाइम ऑफिसात चोवीस वर्षं हजेरी मांडलेल्या तिच्या वडिलांनी, अप्पांनी, ती घरी आणली. दोन वर्षं नुसती बसून काढल्यावर आता काम मिळालं होतं. सोमवारपासून पाच शिक्षकांना भेरूघाटाखालच्या शाळेत न्यायचं आणि आणायचं. फक्त जीपचं स्टिअरिंग ढिलं होतं. पूर्णिमाने दोरा आणि फुटपट्टी लावून मोजलं होतं: चाक जागचं हलायच्या आधी स्टिअरिंग अकरा सेंटिमीटर रिकामं फिरायचं. शनिवारी सकाळी काम झालं आणि ते दोनवर आलं.

जयसिंगराव मिस्त्री काढलेले जुने पुर्जे पिशवीत भरून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. गिऱ्हाईकही आपल्या परीने सावध असे. नवा माल परस्पर बदलला जाऊ नये म्हणून लोक त्यावर खूण करून देत. फिजिक्समध्ये एमेस्सी झालेल्या आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत नुकत्याच लागलेल्या पूर्णिमाने तर कानशीने अक्षरं कोरली होती. पू १, पू २, पू ३, पू ४. तिसऱ्या वेळी कानस घसरली आणि ३ची शेपटी कडेपर्यंत गेली.

पिशवीतला पाचवा टाय रॉड एंड मानेत तुटलेला होता. त्याचा आट्यांचा भाग नव्हताच. खाचेत वाळलेला लाल मुरूम होता. तिने तो बोटाने घासला. खाली पू ३ दिसलं. शेपटी कडेपर्यंत गेलेली.

ती अंगणात गेली, टॉर्च घेऊन जीपखाली आडवी झाली. पू १ जागेवर होता. पू २ होता. पू ३ही होता, नवाकोरा, ग्रीसने चकाकणारा. पू ४ होता.

दुपारी प्रयोगशाळेत तिने तुटका तुकडा तराजूत टाकला. ३६२.४ ग्रॅम. वहीत तारीख आणि वेळ घालून लिहून ठेवलं, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचेना.

अप्पांना सांगितलं तर ते हसले. एमेस्सी होऊन पोरगी जीपची पत्रिका बघायला लागली, असं आईला ऐकवलं. मग जरा चिडलेही. परवा पाच माणसं गाडीत बसणार, आणि आज नवा पुर्जा उचकटायचा? जयसिंगरावांना काय सांगायचं?  पूर्णिमाला एवढंच माहीत होतं, की हा सांधा तुटला तर स्टिअरिंग एकीकडे फिरतं आणि चाक आपल्या मनाने जातं. आणि घाटात एका बाजूला दरी असते.

रविवारी सकाळी जयसिंगराव गॅरेजच्या पायरीवर पोह्यांची पुडी घेऊन बसले होते.

"बेटा, मी चारच खोलले," ते शेव चिवडत म्हणाले. "पाचवा कुठून येईल? जीप काय व्याली काय?"

तिने तुटका पू ३ त्यांच्या हातात ठेवला. मग त्यांना जीपखाली बघायला लावलं. ते बराच वेळ खाली राहिले. बाहेर आले तेव्हा पोह्यांकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"अच्युतजी," ते अप्पांना म्हणाले, "हा मी काढतो. मजुरी नको."

"अहो पण त्यात खोट काय आहे?"

"खोट नाही, भिया. म्हणूनच काढतो."

काढलेला पू ३ पूर्णिमाने रॉकेलमध्ये बुडवला, कोरडा पुसला आणि त्यावर खडूची पूड लावली. बारीकशी चीर असती तरी तिच्यातलं रॉकेल खडूवर रेघ होऊन उमटलं असतं. रेघ उमटली नाही. पुर्जा निर्दोष होता.

त्याच्या जागी दुसऱ्या दुकानातून आणलेला पू ५ बसला. तुटका तुकडा इतर दहा जुन्या पुर्ज्यांबरोबर पिशवीत परत गेला, पिशवी माळ्यावर गेली. निर्दोष पू ३ तिने आपल्या घरच्या टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावलं. किल्ली पर्समध्ये टाकली.

सोमवारी ती रजा टाकून अप्पांच्या शेजारी बसली. मागे शिक्षकांच्या गप्पा चालल्या होत्या. कुणाच्या घरी डिश अँटेना आली, कुणाचा मुलगा पिथमपूरच्या कारखान्यात लागला. सिमरोल गाव मागे गेलं. घाट सुरू झाला.

उताराच्या एका वळणावर समोरून कापसाने फुगलेला ट्रक आला. अप्पांनी स्टिअरिंग डावीकडे घेतलं. कडेला लाल मुरूम होता, आणि मुरुमाच्या पलीकडे काहीच नव्हतं.

मागच्या गप्पा थांबल्या.

जीप वळली.

ट्रक गेला.

पूर्णिमाने घड्याळ पाहिलं. नऊ वाजून वीस मिनिटं.

घाट उतरल्यावर सगळ्यांनी चहा घेतला. शिक्षकांतल्या एका बाईंनी डब्यातले लाडू वाटले. येताना अप्पा शीळ घालत होते. मिल बंद झाल्यापासून पूर्णिमाने ती ऐकली नव्हती. तिच्या खांद्यांतला दोन दिवसांचा ताण एकदम उतरला आणि तिला हसूच यायला लागलं. एवढी शिकलेली मुलगी, आणि कशाला घाबरली होती.

घरी आईने ताटं वाढली. वाढता वाढता म्हणाली, "तुझ्या खणात उंदीर शिरलाय बहुतेक. सकाळी टक्कन आवाज आला. रेडिओवर सव्वानऊच्या पाच मिनिटांच्या बातम्या तेव्हा संपत आल्या होत्या."

पूर्णिमाने हात धुतले. किल्ली काढली.

पू ३ खणात होता. मानेत तुटलेला. आट्यांचा भाग तिने खण उलटा करून शोधला. फुटपट्टी, दोन पेन्सिली आणि दोऱ्याची गुंडी निघाली. तो निघाला नाही.

माळ्यावरून पिशवी काढून तिने वर्तमानपत्रावर रिकामी केली आणि पुर्जे मोजले. तुटका तुकडा त्यांत नव्हता. दहा.

मंगळवारी सकाळी प्रयोगशाळा उघडल्याबरोबर तिने खणातला तुकडा तराजूत ठेवला. त्याआधी खाचेतला लाल मुरूम तिने बोटाने घासून काढला होता. काटा स्थिर होईपर्यंत थांबून तिने वहीत शनिवारच्या नोंदीखाली आकडा लिहिला.

३६२.४ ग्रॅम.