चारांतला एक

लसूण. गुलाब. टर्पेंटाइन. सफरचंद.

चहा पारखताना भुरका मारावाच लागतो. शिष्टपणे घोट घेणाऱ्याला त्या धंद्यात कोणी उभं करत नाही.

चेहरा कोरा ठेवण्याचं प्रशिक्षण दीड दिवसाचं असतं. शेवटी सर्टिफिकेट मिळतं आणि बिस्किटं.

चौथ्या मजल्यावरच्या तपासणीच्या खोलीला खिडकी नाही. बाहेर पाऊस आहे की नाही, ते येणाऱ्यांच्या छत्र्यांवरून कळतं.

बाटल्या जुळ्या बहिणींसारख्या. काहींत गेलेला वास परत आणण्यासाठी नाकात सोडायचं नवं औषध, काहींत नुसतं मिठाचं पाणी. कुठलीत काय, हे त्या मजल्यावर कोणालाच ठाऊक नाही, आणि ठाऊक नसणं हीच त्या मजल्याची अब्रू.

खाली कॅन्टीनमध्ये दूध करपत होतं.

करपत म्हणजे चांगलंच. पातेलं उतू गेलं होतं, धूर छताला लागला होता, आणि माणसं नाकाला रुमाल लावून दाराकडे पळत होती. शेगडीच्या अगदी शेजारच्या टेबलावर मात्र एक तरुण मान खाली घालून पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसला होता.

"अहो, जळतंय!" पळता पळता एक मुलगी ओरडली.

"काय?"

"दूध! तुम्हाला वास येत नाही?"

त्याने वर पाहिलं. धूर पाहिला, मग तिला पाहिलं, आणि तिच्यावर जरा जास्त वेळ थांबला.

"नाही ना येत," तो म्हणाला. "त्याच्यासाठीच तर आलोय. बिनवासाची माणसं कुठल्या मजल्यावर बसतात?"

"चौथ्या," ती म्हणाली. आणि तिथेच तिला कळलं, की हा आपल्याच खोलीत येणार.

*

तिला त्या मजल्यावर सगळे कांडीवाली म्हणत. पेनासारख्या दिसणाऱ्या सोळा कांड्या, प्रत्येकीत एक वास. टोपण काढायचं, कांडी समोरच्याच्या नाकाखाली धरायची, चार पर्याय वाचायचे, उत्तर टिपायचं. एवढंच काम. पण त्या एवढ्याशा कामाला नियमांचं शेपूट लांबलचक. साबण बिनवासाचा. केसांना तेल नाही. कामाआधी चहा नाही, कांदा नाही, वेलची तर नावालाही नाही. तोंडावर मास्क, हातात मोजे. बोलायची वाक्यं तीनच: "वास घ्या." "चारांतला एक सांगा." "ठीक."

उत्तर बरोबर असो वा चूक, "ठीक." शाबासकी नाही, हळहळ नाही.

तिची आई म्हणायची, "तुझ्या तोंडावर सगळं छापून येतं, बाई. आणि तुलाच बरं कोऱ्या चेहऱ्याची नोकरी मिळाली."

"मास्क असतो, आई."

"डोळ्यांना असतो का?"

*

कॅन्टीनमधला तो तरुण चहाचा पारखी होता. मोठ्या चहा कंपनीत लांबलचक टेबलावर कप मांडून ठेवायचे, आणि हा एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत भुरके मारत जायचा. मग एक ताप आला, आठवडाभर राहिला आणि जाताना वास घेऊन गेला. कंपनीने त्याला खोकी मोजायला बसवलं. साहेबांनी सांगितलं होतं, की महिनाअखेरीपर्यंत तुझं नाक परत आल्याचा कागद आण, जागा तुझी. नाहीतर दुसरा बघतो.

हे त्याने तिला दुसऱ्या भेटीत सांगितलं. खरं तर त्याने सांगायला नको होतं आणि तिने ऐकायला नको होतं.

"वास घ्या," ती म्हणाली.

"घेतला."

"चारांतला एक सांगा. पुदिना… संत्रं… मासळी… लवंग."

"मासळी नसावी. तुम्ही इतक्या जवळून मासळी धरणार नाही."

चौथं वाक्य तिच्याकडे नव्हतं.

"पुदिना," तो म्हणाला.

"ठीक."

"हे ठीक बरोबरवालं की चूकवालं?"

"ठीक," ती म्हणाली. पण मास्कच्या आत काहीतरी हललं, आणि वर डोळ्यांपाशी त्याची सुरकुती उमटली.

त्या दिवशी सोळापैकी सहा बरोबर. पुढच्या भेटीत नऊ. त्याच्या पुढच्या भेटीत बारा.

*

इथेच सांगून टाकलेलं बरं. त्याच्या बाटलीत मिठाचं पाणी होतं. पण सगळ्या भेटी संपून बाटल्यांची गुपितं उघडायला अजून फार अवकाश होता. तेव्हा या गोष्टीतल्या कोणालाच हे माहीत नाही, असं समजून पुढे वाचावं.

*

शेजारच्या खोलीत तिच्यासारखंच काम करणारा एक जण होता. त्याला पुतळा म्हणत. त्याच्या लग्नातल्या फोटोतही तो कोणाच्या तरी तेराव्याला आल्यासारखा दिसतो, असं त्याची बायकोच सांगायची.

"तुझा चहावाला आज येणार," पुतळा म्हणाला.

"चहावाला नाही, पारखी. आणि माझा नाही."

"बरं. मग आज केस का धुतलेस? आज तर तुझा धुवायचा वार नाही."

"बिनवासाच्या शाम्पूने धुतलेत."

"वासाबद्दल कोण बोलतंय?" पुतळा म्हणाला. त्याचा चेहरा नेहमीसारखाच होता, त्यामुळे थट्टा आहे की तक्रार, ते कळलं नाही.

पारखी आला. त्याची छत्री निथळत होती. ती त्याने दाराबाहेर ठेवली, मग आत घेतली, मग परत बाहेर ठेवली.

"बसा," ती म्हणाली. हे वाक्य चालतं की नाही, याबद्दल नियमावली गप्प होती.

त्या दिवशी तो नोकरीबद्दल एक अक्षर बोलला नाही. घाबरला असेल, तिला वाटलं. महिनाअखेर आलीच होती. आज आणखी चांगला आकडा आला, तर कागद मिळेल, कागद मिळाला तर टेबल मिळेल… मिळू दे ना. कांडी उचलताना तिने हे मनात म्हटलं. मोजणाऱ्या बाईने असं काही मनात म्हणायचं नसतं.

"वास घ्या. चारांतला एक सांगा. टर्पेंटाइन… सफरचंद… गुलाब… चामडं."

तो तिच्याकडे बघत होता. कांडीकडे कधी बघतच नसे.

"गुलाब," तो म्हणाला.

"ठीक."

"आजच्या ठीकला थोडी साखर जास्त आहे."

"नाही आहे."

"बघा, हे पाचवं वाक्य झालं. आता तक्रार करू का?"

"करा," ती म्हणाली, आणि हसू आवरायला तिला पुढची कांडी उगाचच झटकावी लागली.

चौदा. सोळापैकी चौदा! तो छत्री घेऊन बाहेर पडला, आणि ती गुणगुणत कांड्या आवरायला लागली. गुणगुणत, कारण खोलीत आता कोणी नव्हतं. मास्क काढला, टोपणं नीट बसलीत का ते बघू लागली. गुलाबाची कांडी हातात आली तेव्हा सहज, अगदी सहज, तिने ती नाकाशी नेली.

लसूण.

तिने परत वास घेतला. सणसणीत लसूण. मग लसणीच्या टोपणाची कांडी उघडली. तिच्यात गुलाब होता. सकाळी पुसताना टोपणांची अदलाबदल झाली होती. तिच्याच हातून, तिच्याच गुणगुणण्यात.

चूक तशी किरकोळ. अशा चुका होतात, त्यांना वेगळा शिक्का आहे. पण ती खुर्चीत बसली.

कारण त्याच्या नाकाखाली लसूण होती, आणि तो गुलाब म्हणाला होता. तिला जे वाटत होतं, ते तो म्हणाला होता. लसणीची कांडी धरली तेव्हाही तसंच झालं होतं. नाकाखाली गुलाब, तोंडाने लसूण. त्याचं नाक काहीच सांगत नव्हतं. सांगत होते ते हिचे डोळे. चार पर्याय वाचताना बरोबरच्या पाशी तिचा आवाज जराशी वाट बघत होता, आणि तो तिथेच उतरत होता.

सहा, नऊ, बारा, चौदा. हा त्याचा आकडा नव्हताच. तिचा होता.

*

"कोणाला सांगू नकोस," असं पुतळा म्हणेल, असं तिला वाटलं होतं. तो म्हणाला, "प्रेम आंधळं असतं एवढंच ऐकलं होतं. त्याला नाकही नसतं, हे नवीन."

"थट्टा सुचतेय तुला! मी सांगितलं तर त्याचा कागद जाईल. जागा जाईल."

"आणि नाही सांगितलंस तर?"

तिने क्षणभर चित्र पाहिलं. लांबलचक टेबल, मांडलेले कप, सगळ्यांच्या नजरा, आणि भुरका मारून उभा राहिलेला तो. पर्याय वाचून दाखवायला समोर कोणी नाही.

"मोठ्या बाई आहेत का आत?" तिने विचारलं.

मोठ्या बाई म्हणजे त्या मजल्याच्या डॉक्टर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाकीच्यांचे आकडे?" शेवटी त्यांनी विचारलं.

"पुतळ्याने मोजलेल्या आकड्यांशी ताडून पाहिले. जुळतात."

"म्हणजे फक्त याच्याच बाबतीत?"

"हो, बाई."

"का?"

तिने हातातल्या मोज्यांची घडी घातली. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"राहू दे. कारण लिहीत नाही मी. संशोधनाला त्याची गरज नाही." मग आवाज थोडा खाली आला. "त्याचे आकडे बाद. तो अभ्यासातून बाहेर. तू महिनाभर फ्रीजच्या खोलीत नमुने लावायचे. आणि हे त्याला मी सांगणार नाही. तू सांगायचंस."

*

पाऊस ओसरायची वाट बघत तो अजून जिन्याच्या वळणावरच होता. छत्री उघडेना, म्हणून तिच्याशी झटापट चालली होती.

"थांबा!"

त्याने वळून पाहिलं, आणि छत्री हातातच राहिली. तिचा मास्क टेबलावरच राहिला होता. त्या पहिल्या दिवसाच्या धुरानंतर तिचा पूर्ण चेहरा त्याला आत्ता दिसत होता.

"तुमचा आकडा खोटा आहे," ती एका दमात म्हणाली. दम घेतला असता तर पुढे बोलवलं नसतं. "तुम्हाला वास येत नाहीये. मी… तुम्ही माझ्याकडे बघून उत्तरं देत होतात. आज गुलाब म्हणालात ना, ती लसूण होती."

"लसूण?"

"टोपणं बदलली होती. माझी चूक. सगळी माझीच चूक."

तो पायरीवर बसला. ती उभीच राहिली. आता चिडेल, तिला वाटलं, चिडू दे. चिडायलाच हवं.

"मला खरंच वाटत होतं, की येतोय वास," तो हळूच म्हणाला. "तुम्ही गुलाब म्हणालात, तेव्हा आलासुद्धा. शप्पथ."

"तो… तो नाही येत असा."

"पण मला एक सांगा. बाकीचे लोकही तुमच्याकडेच बघत असतील. त्यांना का नाही कळत?"

तिने कठड्यावरची धूळ बोटाने पुसली.

"चारांतला एक सांगा," तो म्हणाला. "एक, ते चष्मा विसरतात. दोन, ते माझ्यापेक्षा मठ्ठ आहेत. तीन, खोलीत उजेड कमी आहे. चार…"

"चार," ती म्हणाली.

"अहो, मी अजून वाचलंच नाही!"

"नका वाचू. चार."

जिन्यात खालून कोणीतरी चढत होतं. दोघांनी भिंतीकडे सरकून त्याला वाट दिली. एक म्हातारे गृहस्थ, हातात रिकामी बाटली. "चौथा मजला हाच ना?" त्यांनी विचारलं, आणि दोघं एकदम "वर!" म्हणाले.

मग तोच उठला. "एकदा पुन्हा मोजायचं का? तुमच्याशिवाय?"

*

पुतळ्याने मोजलं. सोळापैकी पाच. चार तर डोळे झाकून ठोकलं तरी नशिबाने लागतात. पाचवी कॉफी होती, आणि ती त्याने पुतळा पर्याय वाचायच्या आधीच ओळखली. चहाच्या माणसाचं नाक कॉफीने परत यावं, हा त्याला अपमान वाटला.

"वाईट वाटलं?" तिने विचारलं. दोघं खाली कॅन्टीनमध्ये बसले होते. आता बसायला चालत होतं, कारण तो अभ्यासातला माणूस राहिला नव्हता आणि ती त्याला मोजणारी राहिली नव्हती.

"कॉफीचं वाटलं."

"नोकरीचं विचारतेय मी."

"बघू," तो म्हणाला आणि कपावर वाकला. एवढा मोठा भुरका मारला, की पलीकडच्या टेबलावरच्या एका बाईने वळून पाहिलं.

"सावकाश! लोक बघतायत."

"धंद्याची सवय. आता तू सांग, कसा आहे?"

हे 'तू' कधी आलं, ते दोघांनाही कळलं नाही. तिने त्याचा कप ओढून घेतला, डोळे मिटले. आज कित्येक महिन्यांनी कामाच्या दिवशी ती चहा पीत होती.

"जरा उकळलाय जास्त," ती म्हणाली. "पण त्याच्याखाली… पावसानंतर वाळायला घातलेल्या कपड्यांसारखं काहीतरी आहे. उबदार. थांब, अजून आहे."

"सांगत राहा," तो म्हणाला. तो कपाकडे बघत नव्हता.

*

पारख्याची जागा गुलाब-लसणीच्या त्या भेटीच्या आदल्या आठवड्यातच दुसऱ्या माणसाला दिली गेली होती, आणि साहेबांनी ते त्याला, जागा दिली त्याच दिवशी सांगितलं होतं.