दाराआडची राणी

ही गोष्ट खरी आहे. माझ्या आजीच्या सख्ख्या काकांवर ती गुदरली, आणि मरेपर्यंत त्यांनी ती एका शब्दाचाही फरक न करता सांगितली.

काकांचं नाव बार्नाबे. पॅरिसमध्ये नाटकं लिहायचे. दरबाराकडून लेखकांना मानधन मिळायचं, त्या यादीतून आदल्या वर्षी त्यांचं नाव गळलं होतं. सोळाशे बहात्तरच्या फेब्रुवारीत, उपासाचे चाळीस दिवस सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी, सँ-जर्मांच्या राजवाड्यात त्यांच्या नव्या शोकांतिकेचा प्रयोग ठरला. रंगला तर नाव परत यादीत. नाहीतर रुआँला मेहुण्याच्या दुकानात हातमोजे विकायचे.

दोन वर्षं घासून लिहिलेलं नाटक. एकच जागा, एकच दिवस, एकच कथा. त्या काळच्या नाटकाच्या नियमांना कुठे धक्का नाही. आणि रंगमंचावर मरण? छे, त्याला तर सक्त मनाई, नावच नको! शेवटच्या अंकात राणी उजव्या दारातून आत जाते, दाराआड पोटात कट्यार खुपसून घेते, आणि निरोप्या बाहेर येऊन ती कशी मेली ते सांगतो. ऐंशी ओळी. काकांचा सगळा जीव त्या ऐंशी ओळींत होता.

गुरुवारी दुपारी तालीम होती. राणी झालेली माथुरीनबाई दारातून आत गेली. निरोप्या झालेल्या फुल्जाँसने पाऊल उचललं...

धप्प!

दाराआड कुणीतरी पडलं.

मग काहीतरी घरंगळत गेलं... आणि थांबलं.

"माथुरीनबाई!" काका ओरडले. "तुम्ही मेलात हे तो सांगणार आहे. तुम्ही आपटून कशाला दाखवता?"

"मी?" आवाज खालच्या खोलीतून आला. "मी इथे शेगडीशी पाय शेकत बसलेय. माझ्या नावाने कशाला खडे फोडता?"

दाराआड जाऊन बघितलं. कुणी नाही.

"पुन्हा घ्या!"

पुन्हा राणी आत गेली. पुन्हा... धप्प. पुन्हा ते घरंगळणं.

फुल्जाँस खो खो हसायला लागला. "कविमहाराज, आता मी काय सांगू? ती मेली हे बाजारातल्या मासेवालीलाही कळलं."

काकांच्या डोक्यात तिडीक गेली. सुतारांना झापलं, सामानवाल्याला झापलं. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले.

शुक्रवारी काका स्वतः मेणबत्ती घेऊन दाराआड उभे राहिले. माथुरीनबाई त्यांच्या अंगावरून गेली, जिना उतरली. दाराआड ते एकटेच.

काही नाही.

काही नाही...

धप्प!

त्यांच्या पायाशी. फळी हादरलेली त्यांना तळव्यांत कळली. घरंगळत काहीतरी आलं आणि त्यांच्या बुटाला टेकलं.

काकांनी वाकून पाहिलं... नुसती फळी.

दुसरा कुणी असता तर पळत सुटला असता. पण काका इतके वैतागले होते की त्यांना भीती वाटायचंच राहून गेलं.

"कोण आहेस गं बाई तू?" ते अंधारात ओरडले. "दोन वर्षं मी रक्त आटवलंय, आणि तू माझ्या ऐंशी ओळी खातेस? मरायचंच असेल ना, तर जा! तिकडे सगळ्यांसमोर जाऊन मर!"

जिन्यातून माथुरीनबाईने छातीवर क्रूस काढला. "असं बोलू नये हो बार्नाबे. कुणाला आमंत्रण देताय?"

दाराआड कुणीतरी सावकाश श्वास सोडला...

रविवार उजाडला. राजवाड्यातलं दालन गच्च भरलं होतं. चार अंक छान झाले. पाचव्यात राणी दारातून आत आली. विंगेत काका मुठी आवळून उभे.

आवाज आला नाही.

काकांच्या डोळ्यांत पाणीच आलं. सुटलो एकदाचा! फुल्जाँसने बाहेर जाऊन पहिली ओळ म्हटली. दुसरी म्हटली.

पण त्याच्याकडे कुणी बघतच नव्हतं...

सगळ्यांच्या नजरा रंगमंचाच्या मधोमध. हळूहळू खाली जाणाऱ्या.

काकांनी पाहिलं. तिथे नुसत्या फळ्या होत्या.

एक बाई किंचाळली. फुल्जाँसची जीभ अडखळली. घरंगळत येणाऱ्या वस्तूला वाट द्यावी तसा तो एक पाऊल बाजूला सरकला.

ऐंशी ओळी पाण्यात गेल्या.

पडदा पडताच दरबारच्या नाटकांचा कारभारी लालबुंद होऊन विंगेत आला. "महाराजांसमोर, उघड्या रंगमंचावर मरण? कोण होती ती बाई?"

"कुठली बाई?"

"हातात पेला घेऊन आली ती! तडफडून तडफडून मेली. लाज नाही वाटत?"

"साहेब, माझ्या नाटकात पेलाच नाही! राणी कट्यारीने मरते. ही घ्या वही, बघा!"

"वही काय बघू? डोळ्यांनी पाहिलंय मी."

नाव यादीत आलं नाही ते नाहीच. सगळी हयात नियम पाळणारा माणूस नियम मोडला म्हणून बुडाला.

निघताना काकांनी फुल्जाँसला गाठलं. तो त्या दिवशी हसला नाही.

"विचारू नका साहेब. मरताना ती महाराजांकडे बघत नव्हती. विंगेत बघत होती. तुमच्याकडे."

काकांनी पुढची वीस वर्षं रुआँत हातमोजे विकले. हा विषय निघाला की टेबलावर मूठ आपटायचे. "अख्ख्या दरबाराला दिसली! एकट्या मला नाही! माझं वाटोळं जिने केलं, तिचं तोंड तरी बघू द्यायचं होतं!"

वही आता माझ्याकडे आहे. त्या ऐंशी ओळी आजवर कुणीच धड ऐकलेल्या नाहीत. काकांसाठी एकदा तरी मोठ्याने वाचाव्यात असं फार वाटतं.

वही उघडते... आणि आधी खोलीचं दार बघते. मग मिटून ठेवते.