काच भरून, सावकाश

चढाच्या तोंडाशी एक जुना निळा ट्रक वाफ सोडत उभा होता, आणि डोक्याचा रुमाल हाताला गुंडाळून एक मुलगी रेडिएटरचे झाकण उघडायला निघाली होती.

"थांबा—"

वाटेने जाणारा तरुण स्वतःच्याच आवाजाने दचकला. अनोळखी माणसाशी आपण होऊन बोलण्याची त्याला सवय नव्हती. "उकळतं पाणी अंगावर येईल. आधी निवू द्या."

"किती वेळ?"

"हात लावून ठेवता येईल... इतका."

"म्हणजे तोवर इथं गप्पा मारत बसायचं तर."

त्याच्याजवळ गप्पा नव्हत्या. दोघे रस्त्याच्या कठड्यावर बसले. ट्रकच्या पाठीवर लाकडी चौकटीत मोठमोठ्या काचा उभ्या बांधल्या होत्या. त्यांत अवघे आभाळ मावले होते, आणि त्या आभाळाच्या कोपऱ्यात ती— केस विस्कटलेले, गालावर काजळीचा एक फराटा. तिच्याकडे थेट पाहण्याचे धैर्य त्याला नव्हते. काचेत पाहायला मात्र कुणाची हरकत नसावी, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

तिच्या वडिलांचे काचेचे दुकान होते. त्यांची पाठ धरल्यापासून ट्रक तीच चालवत होती. तो चुलतभावाच्या गॅरेजमध्ये कामाला होता. एवढेच बोलणे झाले, आणि त्याला ते पुष्कळ वाटले.

दुसऱ्या दिवशी ती ट्रक घेऊन गॅरेजवर आली. त्याच्या चुलतभावाने, दादाने, काचा उतरवायला लावल्या, ट्रक मोठ्या रस्त्यावर नेऊन भरधाव पळवला आणि हात झटकत परतला. "तापमानाचा काटा मधोमध. गाडी ठणठणीत आहे. चालवणाराच घाबरट असेल तर गाडीनं काय करायचं?"

ती तोवर फुटक्या खिडकीपाशी उभी होती. तावदानाच्या जागी तिथे पुठ्ठा लावलेला होता. खिडकीखाली तो मान घालून पाने पुसत होता, आणि एकच पाना किती वेळ पुसावा हे त्याला कळत नव्हते.

ट्रक पुन्हा तापला. दादाने पाणी बदलले, थर्मोस्टॅट बदलला, पुन्हा भरधाव फेरी मारली. काटा पुन्हा मधोमध.

तिसऱ्यांदा ती आली तेव्हा दादा जेवायला गेला होता. तिने किल्ली त्याच्यासमोर ठेवली.

"बाबांनी उद्या भंगारवाल्याला बोलावलंय. मग भाड्याच्या गाडीनं काचा जाणार, आणि मी गल्ल्यावर." ती म्हणाली. "मला गल्ल्यावर बसून खिडक्या विकायच्या नाहीत. त्या नेऊन द्यायच्या आहेत. लोक दारात उभे असतात हो, काच येणार म्हणून..."

त्याने बराच विचार केला.

"काच भरा," तो म्हणाला.

"काय?"

"दादा रिकामी गाडी पळवतो. तुम्ही काच घेऊन चालवता. मला तुमच्याबरोबर यायचं आहे... तुमच्या चालीनं."

ती एकदम लाजली, आणि आपण काय बोललो हे त्याच्या तेव्हा कुठे ध्यानात आले.

इतक्या सावकाश चालणाऱ्या वाहनात तो कधी बसला नव्हता. एक सायकलवाला घंटी वाजवत पुढे निघून गेला. निजलेल्या बाळाच्या खोलीतून पाऊल टाकावे तशी ती प्रत्येक खड्ड्यातून ट्रक काढत होती; मागे काच किणकिणतसुद्धा नव्हती. तिचे हात चाकावर नुसते टेकलेले होते. घाबरट म्हणे! दादाला हे हात दिसलेच नव्हते.

"काट्याकडे बघायला आलात ना?" समोरच पाहत ती म्हणाली.

"हो... बघतोय."

"काटा डावीकडे आहे."

तो काट्याकडे वळला, कानांपर्यंत तापून. चढाला काटाही त्याच्यासारखाच वर चढला. उतारावर समोरून वारा लागताच तो खाली आला.

"थांबवा. इंजिन चालूच ठेवा," तो म्हणाला. "रस्त्याचा वारा मिळाला की निवतं. इंजिनाचा स्वतःचा वारा कमी पडतोय. तुमचा रुमाल द्याल?"

त्याने रुमाल पुढच्या जाळीसमोर धरून सोडला. पंखा वारा नीट ओढत असता, तर रुमाल जाळीला चिकटून बसला असता. रुमाल जरासा हलला, आणि उदासपणे त्याच्या हातात घसरला.

इंजिन बंद करून त्याने आत वाकून पाहिले. पात्यांचा बाक चुकीच्या अंगाला होता.

"पंखा पालथा बसलाय. वारा योग्य दिशेलाच देतो, पण निम्माही नाही. कुणी बसवला?" विचारले मात्र, आणि प्रश्न परत घ्यावासा वाटला.

"मीच." तिचा आवाज अगदी लहान झाला. "पंप बदलला तेव्हा. बाबा खुर्चीवरून सांगत होते, मी खाली आडवी... म्हणजे माझ्याच हातानं मी गाडी भंगारात घालत होते."

"बोल्ट मात्र..."

"बोल्टचं काय?"

"चारही अगदी एकसारखे कसलेत. इतकी नीटनेटकी चूक मी तरी पाहिली नव्हती."

ती हसत सुटली. इंजिन निवल्यावर पंखा तिनेच सुलटा बसवला. त्याने पाने दिले. या खेपेला रुमाल जाळीला असा घट्ट चिकटला की इंजिन बंद केल्यावरच तो निघाला. चढाच्या माथ्यावरही काटा जागचा हलला नाही.

परतताना त्याला उमगले. तिने पुन्हा गॅरेजवर येण्याचे एकमेव कारण त्याने स्वतः शोधून काढले होते, आणि दूरही केले होते.

भंगारवाला रिकामा परत गेला. त्यानंतर निळा ट्रक समोरच्या रस्त्याने जाई, सावकाश, न थांबता.

"इतकी चांगली दुरुस्ती करायची नसते, शहाण्या," दादा म्हणाला. "थोडं काही शिल्लक ठेवायचं असतं."

आणि एका सकाळी ट्रक दारात थांबला.

"तापली?" त्याने विचारले. आपल्या आवाजातली आशा त्याची त्यालाच ऐकू आली.

"नाही."

तिने पाठीमागून एक छोटी काच उतरवली, खिडकीवरचा पुठ्ठा काढला आणि काच चौकटीत टेकवली. ती तंतोतंत बसली.

"माप कुणी दिलं?"

"मीच घेतलं. पहिल्या दिवशी, वितीनं." कडेने लांबीचा मऊ लगदा भरत ती म्हणाली. "तुम्ही पाना पुसत होतात. मला तिथं उभं राहायला काहीतरी निमित्त नको?"

तो जवळ गेला. चौकटीतली लांबी अजून ओली होती.

"हिला... सुकायला किती वेळ लागेल?"

"हात लावून ठेवता येईल इतका."

"म्हणजे तोवर गप्पा." तो म्हणाला. "माझ्याजवळ एकच आहे. त्या दिवशी कठड्यावर... मी काचेत तुम्हाला बघत होतो."

"माहीत आहे," ती म्हणाली. "काच आमच्या दुकानाची होती. तिच्यात मी तुला दिसत होते, म्हणजे तूही मला दिसतच होतास."