चालकुसळ

सन २०९१ मध्ये तवलाईच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, गवताचं बी रोज सकाळी चालायला निघे. पळत नसे, उगाच वाढवून सांगणार नाही. तासाला वीतभर, ऊन चांगलं असलं तर दीड वीत.

ही करामत डॉ. रेवती चौबळ यांची. कुसळी गवताच्या बियाला लांब शेपटी असते, तिला कुसळ म्हणतात. दमट हवेत कुसळ पीळ घेतं, वाळलं की सोडतं, आणि त्या ओढाताणीत बी सरकत सरकत मातीत घुसतं. पावसाळे बिघडल्यापासून सड्यावरचं गवत संपलं होतं. पेरलेलं बी वारा दरीत उधळून देई. तेव्हा बाईंनी ठरवलं, चढणारंच बी घडवायचं. काचघरात वाढवायचं, सड्याच्या उतारावर सोडायचं आणि सगळ्यांत वर पोचेल तेच पुढच्या पिढीला ठेवायचं. वर्षाला चार पिढ्या. त्या बियाला नाव दिलं चालकुसळ.

बी वेचायला धाकू झोरे होता. सड्यावरचं शेवटचं गवळ्याचं घर त्याचं. गवत आलं तर म्हशी टिकतील, म्हशी टिकल्या तर कारखान्यात गेलेला मुलगा बिऱ्हाडासकट परत येईल, एवढ्यासाठी म्हातारा राबत होता.

आठव्या वर्षी सडा हिरवा झाला. धाकू मुलाला, सून भागूला आणि सात महिन्यांच्या नातीला आणायला चार दिवस खाली गेला. परतून बघतो तर नवं बी तसूभर हललं नव्हतं. निम्मं वाऱ्यानं नेलेलं. रेवतीबाई धावत वर आल्या आणि त्यांनी विचारलं, इतकी वर्षं बी वेचलंत तरी कसं?

"घोंगडीवरनं," धाकू म्हणाला. "वर जाऊन बसायचो. येऊन चिकटंल ते तुमच्या डब्यात."

"मी उतारावरून वेचायला सांगितलं होतं, धाकूमामा."

"वाकून कंबर कुणी मोडायची? आमच्यात बियाणं असंच घेत्यात. आपणहून आलं ते खरं."

बाईंनी एक कुसळ उचलून त्यावर श्वास सोडला; ते त्यांच्याकडे वळलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. कोरड्या माथ्यावर सकाळी ओलावा एकच, माणसाच्या श्वासाचा आणि घामाचा. बत्तीस पिढ्या निवडलं गेलं ते चढणारं बी नव्हतंच, माणसाकडे येणारं होतं. माणूस बसला तर त्याच्याभोवती ते रुजणार, नाहीतर वाऱ्याबरोबर जाणार.

"म्हणजे कुणीतरी कायम बसायचं?" भागूनं विचारलं. ती आठवड्याचेच कपडे घेऊन आली होती.

"मी कुठं मेलोय?" धाकू हसला.

दुसऱ्या सकाळी तो घोंगडी टाकून बसला. चारी बाजूंनी बी त्याच्याकडे निघालं. तासाभरानं दहा पावलांवर भागूनं पोरीला जरा खाली ठेवलं. तान्ह्या जिवाचा श्वास भरभर, लाळ गळत होती. धाकूच्या घोंगडीशी पोचलेली कुसळं थांबली, फिरली आणि पोरीकडे निघाली.

"बघा, नातीला ओळखलं," धाकू खुशीत म्हणाला. "आता सत्तर वर्षं घोर नाही."

भागूनं पोरीला उचललं आणि दरीची पायवाट धरली. उन्हात सड्यावरचं सगळं बी पोरीमागे उताराकडे तोंड करून सरकू लागलं.

"भागू," धाकू उठत म्हणाला, "बस बाई जरा."